अळवाच्या कुंडीतलं मैदान

समोरचा म्हातारा रिकामं ताट हातात धरून गच्चीत उभा होता आणि मी त्याची माती माझ्या अळवाच्या कुंडीत मुठीने दाबत होते. माझे हात कोपरापर्यंत मळलेले. म्हाताऱ्याने ताट उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि खाली बसला. खुर्चीवर नाही, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर, फतकल मारून. मला वाटलं, याला झटका आला.

"काय झालं ओ?" मी विचारलं. मराठीतच. दुसरं मला काय येतं?

त्याने कुंडीकडे बोट दाखवलं आणि त्याच्या भाषेत बरंच काही बोलला. ते चांगलं नव्हतं एवढं मला कळलं. मग तो उठला, कुंडीत हात घातला आणि नुकताच लावलेला अळवाचा कंद उपटून कठड्यावर ठेवला. तेव्हा मात्र माझंही तोंड सुटलं.

"मेल्या, कंदाला हात लावू नकोस. चिपळूणहून आणलाय."

त्याने दुसरा कंद उपटला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. त्याने माझ्या हातातून मातीची मूठ काढून घेतली. आमची वयं बघता हे शोभणारं नव्हतं. आमचा आवाज जिन्यातून खाली गेला आणि माझी सून आणि त्याचा मुलगा, दोघंही चपला न घालता धावत वर आले.

मस्कतजवळ बौशरला मुलाच्या घरी मी बरीच वर्षं आहे. नवरा गेला, गावचं घर भावकीच्या ताब्यात गेलं, मुलगा म्हणाला चल, मी आले. इथे सगळं मिळतं, माती मिळत नाही. आहे ती खडी आणि चुना. दुकानात पिशवीतून विकतात तो नारळाचा भुसा, पाणी घातलं की तरंगतो. मी चौथीपर्यंत शाळेत गेले आणि पुढचं सगळं आयुष्य परसात आणि शेतात काढलं, त्यामुळे भुशाला माती म्हणायला माझी जीभ वळत नाही. इमारतीच्या वॉचमनला मी कितीतरी महिने सांगत होते की कुठूनतरी बादलीभर काळी माती आण. तो दर वेळी 'इन्शाल्ला' म्हणायचा. इथे इन्शाल्ला म्हटलेलं काम आपल्या हयातीत होईलच असं नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

पण त्या शनिवारी सकाळी गच्चीत गेले तर माझ्या कुंड्यांच्या शेजारीच, इकडे भात वाढायला घेतात तसल्या मोठ्या ताटात, काळीभोर माती पसरून उन्हात घातलेली. कुंडी भरायच्या आधी माती उन्हात तापवायची म्हणजे आतले किडे मरतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मला वाटलं, वॉचमनला देवाने बुद्धी दिली, आणि वर थोडी जास्तच दिली. मी त्या मातीत जवळच्या बरका गावातल्या मळ्यातलं पिशवीबंद शेणखत कालवलं, भुसा कालवला, जुन्या कुंडीतली खडीही कालवली आणि कंद लावले. पाणी घालायचं तेवढं राहिलं होतं.

तर सून आणि म्हाताऱ्याचा मुलगा वर आले. हे लोक समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हापासून मी त्यांना रशियन समजत होते. मुलगा इथल्या एका फुटबॉल क्लबात गोलकीपरांना शिकवतो. बाप माझ्यासारखाच, बायको गेल्यावर मुलाकडे येऊन राहिलेला. जिन्यात भेटला की छातीवर हात ठेवायचा, मी नमस्कार करायचे, तेवढीच ओळख. आता म्हातारा मुलाशी त्यांच्या भाषेत बोलला, मुलगा सुनेशी इंग्रजीत बोलला आणि सून माझ्याकडे वळली.

"आई, ही माती नाहीये."

"मग काय आहे?"

"म्हणजे मातीच आहे. पण त्यांच्या क्लबची आहे. आल्बानियातल्या, फुटबॉलच्या. इथल्या दमट हवेने डब्यात बुरशी धरली म्हणून उन्हात घातली होती."

"मग वर चिठ्ठी ठेवायची."

"तुम्हाला वाचता आली असती?"

"मराठीत ठेवली असती तर आली असती."

सून पुण्याची आहे. ती वाद घालत नाही, डोळे मिटून श्वास घेते. श्वास घेऊन झाल्यावर तिने सांगितलं की म्हातारा त्याच्या तरुणपणी त्या क्लबात खेळायचा. क्लबाचं जुनं मैदान विकलं गेलं, तिथे इमारती झाल्या. बुलडोझर यायच्या आधी म्हाताऱ्याने गोलपोस्टाच्या तोंडाशी असलेली माती चीजच्या पत्र्याच्या डब्यात भरून घेतली. आता गावाबाहेर नवं मैदान बांधलंय. त्याच्या उद्घाटनाला जुनी माती नव्या गोलपोस्टाशी घालायची आणि ती या म्हाताऱ्यानेच घालायची असं ठरलंय. गुरुवारी त्याचं विमान आहे. जुन्या मैदानाची जगात तेवढीच माती उरली होती.

आम्ही चौघंही कुंडीकडे बघत राहिलो.

"थोडी वेगळी काढता येईल का?" सुनेने विचारलं.

"खिचडीतून डाळ काढता येईल का?" मी म्हटलं.

हे भाषांतर करू नकोस असं मी तिला सांगायच्या आधीच तिने केलं. म्हातारा जिना उतरून गेला.

माझा मुलगा सुट्टीच्या दिवशी उशिरा उठतो. त्याला चहाबरोबर हे सगळं कळलं आणि त्याने लगेच तोडगा काढला. त्याला तोडगे फार लवकर सुचतात, त्याच्या बापासारखे.

"आई, नर्सरीतून चांगली काळी माती आणू. डबाभर देऊन टाकू. त्यांना काय कळणार आहे?"

"तुझ्या बापाच्या अस्थी बदलून कोणी दुसऱ्याच्या दिल्या असत्या तर तुला कळलं असतं?"

"नसतं कळलं."

"मग गप्प बस आणि चहा पी."

सून म्हणाली, "आपण त्यांना संध्याकाळी बोलावू आणि आई माफी मागतील." मी म्हटलं, बोलवा, पण माफी कसली? उघड्यावर, माझ्या कुंड्यांना लागून, उन्हात घातलेली माती. पण मी खीर केली. खीर कोणालाही समजते.

संध्याकाळी म्हाताऱ्याचा मुलगा बापाला जवळजवळ धरून घेऊन आला. म्हातारा सोफ्याच्या टोकावर बसला. खिरीला हात लावला नाही, चहाला लावला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मला असलं शांत बसणं जमत नाही, म्हणून मी सुनेला म्हटलं, "त्यांना विचार, एवढं काय आहे त्या मातीत? शेतातली नाही, खळ्यातली नाही, खेळायच्या जागेतली."

सून म्हणाली, "आई, हे असं नाही विचारता येत."

"येतं. तू विचार."

तिने विचारलं. त्याच्या मुलाने बिचकत बापाला विचारलं. म्हाताऱ्याने कॅलेंडरवरून नजर काढली आणि बोलायला लागला, तो थांबेचना. एक वाक्य तो बोलणार, मग मुलगा इंग्रजीत, मग सून मराठीत. माझ्यापर्यंत पोचेपर्यंत म्हातारा दोन वाक्यं पुढे गेलेला असायचा. तो हळहळायचा तेव्हा आम्ही मागच्या गोष्टीला हसत असायचो. तो आमच्याकडे रागाने बघायचा.

तर तो क्लब त्यांच्या गावातल्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या पोरांनी काढला होता. नदीकाठची पडीक जागा, मातीही नदीच्या गाळाची. पाऊस पडला की गोलपोस्टाशी तळं व्हायचं. मग इटलीचं सैन्य आलं. त्यांनी आधी क्लबाचं नाव बदललं आणि मग पाणी जिरावं म्हणून तळ्यात कोळशाची राख टाकली. ते गेले आणि पक्षाचं, म्हणजे कम्युनिस्टांचं, राज्य आलं. पक्षाने आधी क्लबाचं नाव बदललं आणि मग रविवारी सगळ्या गावाला श्रमदानाला लावून डोंगरातली माती आणून टाकली. गवत उगवावं म्हणून शेणखत टाकलं, ते उगवलं नाही. पुढे गोलपोस्टाच्या मागेच, लढाई झाली तर सैन्याला लपायला, सिमेंटचा घुमट बांधला. बाहेर मारलेला चेंडू घुमटावर आपटून परत मैदानात यायचा आणि खेळणाऱ्यांना वाटायचं अजून खेळ चालूच आहे. पक्ष गेला. नव्या लोकांनी पहिल्यांदा काय केलं असेल?

"नाव बदललं," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने हे भाषांतराशिवाय समजून घेतलं आणि माझ्याकडे पहिल्यांदा माणसासारखं बघितलं.

त्यानंतर क्लब एकदा परदेशी खेळायला गेला आणि येताना बसमध्ये ड्रायव्हर, शिकवणारा आणि चेंडूंची पिशवी एवढंच परत आलं. खेळाडू तिकडेच राहिले, कोणी हॉटेलात भांडी घासायला लागला, कोणी गवंड्याच्या हाताखाली.

"आणि हे?" मी म्हाताऱ्याकडे बोट केलं. "हे किती गोल मारायचे?"

मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला की बाबा गोलकीपर होते, राखीव. म्हणजे पहिला गोलकीपर आजारी पडला तर हे. तो कधी आजारी पडायचा नाही. त्यामुळे यांचं काम म्हणजे बाकावर बसायचं आणि मॅचच्या आधी गोलपोस्टापुढची माती दाताळ्याने सारखी करायची. वर्षानुवर्षं तेच.

"पण एकदा खेळलो," म्हातारा म्हणाला, आणि ताठ बसला.

पक्षाच्या राज्यातच, परदेशातला मोठा संघ खेळायला आला होता. तिकडे तेव्हा दाढी ठेवायला बंदी होती, पाहुण्यांनाही. त्या संघातल्या दोघांना विमानतळावरच न्हाव्यापुढे बसवलं, मग देशात घेतलं. आणि त्याच आठवड्यात पहिल्या गोलकीपरचा चुलतभाऊ सरहद्द ओलांडून पळाला. भाऊ पळाला म्हणून पक्षाने त्या गोलकीपरला संघातून काढून खाणीत पाठवलं. हे सांगताना म्हातारा परत कॅलेंडरकडे बघायला लागला. मग म्हणाला, त्यामुळे मला उतरवलं.

संपूर्ण वेळ चेंडू त्यांच्याच बाजूला. शेवटी शेवटी त्या ताजी दाढी केलेल्या दोघांपैकी एकाने चेंडू मारला. म्हातारा उजवीकडे झेपावला, चेंडू डावीकडे गेला. सगळं गाव उठून उभं राहिलं. आणि चेंडू गोलच्या रेषेवर येऊन थांबला. चिखलात रुतला. आत जाईना, बाहेर येईना. म्हातारा रांगत गेला आणि त्याच्यावर पडला. मॅच बरोबरीत सुटली. त्या क्लबाच्या इतिहासात त्याच्यापेक्षा मोठं काही झालं नाही. गावात अजून बोलतात, त्या दिवशी गोलकीपरने क्लब वाचवला म्हणून.

"चिखल कसा होता?" मी विचारलं. "इटलीवाल्यांनी राख टाकली होती ना पाणी जिरायला?"

हा प्रश्न म्हाताऱ्यापर्यंत पोचला. तो बोटांनी गुडघा खाजवत बसला. मुलाने परत विचारलं. मग तो पुटपुटला की आदल्या दिवशी मैदानावर पाणी त्यानेच मारलं होतं. घाबरला होता, त्यामुळे जरा जास्त मारलं गेलं.

"म्हणजे गोल तुम्ही नाही अडवला, मातीने अडवला," मी म्हटलं.

सुनेने माझा हात दाबला. "आई, हे मी सांगणार नाही."

"सांग. खरं आहे ते."

"ते पाहुणे आहेत."

"मग पाहुण्यांना खोटं सांगायचं का?"

तिने सांगितलं, अगदी हळू. म्हाताऱ्याच्या मुलाने तिच्याहून हळू सांगितलं. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या गालाचे स्नायू हलायला लागले आणि मला वाटलं, आता उठून जातो. तो हसत होता. आवाज न करता हसत होता, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग मुलाच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणाला.

"ते म्हणतात," सून म्हणाली, "हे त्यांना कायम माहीत होतं. तोंडावर कोणी बोललं नव्हतं."

त्याने खिरीची वाटी उचलली. मी संधी साधली.

"बघा," मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत. आधी नदीचा गाळ, त्यात इटलीची राख, त्यात डोंगराची माती, त्यात शेण. तिला शुद्ध अशी कोणी ठेवलीच नव्हती. त्यात माझं थोडं पडलं. मी चाळून, पाखडून जेवढं निघेल तेवढं काढते. उरेल ते उरेल. मी काही नाव बदलत नाही क्लबाचं."

तो खीर खाता खाता विचार करत होता. मग त्याने अगदी गंभीरपणे एक प्रश्न विचारला. दोन भाषा ओलांडून तो आला.

"शेण कोणत्या जनावराचं?"

"गाईचं. पिशवीवर गाईचं चित्र होतं."

"आमच्याकडे मेंढीचं होतं," तो म्हणाला. आणि मान डोलवून, जणू पक्षाच्या सभेत ठराव मंजूर करावा तसं, "गाईचं चालेल."

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे रविवारी सगळे कामाला गेल्यावर आम्ही दोघं गच्चीत बसलो. मी गव्हाची चाळण आणि गावाहून आणलेलं सूप घेतलं, त्याने ताट. भाषांतर करायला कोणी नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. मी कुंडी उपडी केली. चाळणीत भुसा वर राहिला, तो गेला. सुपात पाखडल्यावर शेणखताचा हलका चुरा उडाला, तो बराचसा माझ्या केसांत आणि काही त्याच्या भुवयांत गेला. राहिली ढेकळं. त्यांवरून आमची जुंपली.

तो एक ढेकूळ उचलायचा, फोडायचा, आत कोळशाचा काळा कण दिसला की स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा, म्हणजे आमचं. पांढरी खडी निघाली की माझ्याकडे बोट, म्हणजे तुमचं. काही ढेकळांत दोन्ही निघायचं. ती तो स्वतःच्या ताटात टाकायचा.

"लबाडी करू नका," मी म्हणायचे.

तो त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा आणि टाकतच राहायचा. एकदा मी त्याच्या ताटातलं एक मोठं ढेकूळ माझ्या कुंडीत परत टाकलं. त्याने ते उचलून परत ताटात ठेवलं आणि वर हात झाकला. मध्ये वॉचमन पाण्याची टाकी बघायला वर आला. त्याने आम्हाला भुवईपर्यंत शेणात बघितलं आणि काही न विचारता टाकी न बघताच उतरला. त्याच्या मागोमाग मी ओरडून सांगितलं की आता माती आणली नाहीस तरी चालेल.

शेवटी बघतो तर ताट काठोकाठ भरलेलं. आदल्या दिवशी मी त्यातून कुंडीत घातली होती त्याहून जास्त. म्हाताऱ्याचा चीजचा डबा भरून माती उरली. मी घरातून लाडवांचा स्टीलचा डबा आणून दिला. सुनेला तो नंतर आठवडाभर सापडत नव्हता.

गुरुवारी तो गेला. विमानतळावर मातीबद्दल काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याचा मुलगा इथेच होता, त्याला कामावरून सुट्टी मिळाली नाही. उद्घाटनाच्या दिवशी तो फोन घेऊन आमच्याकडे आला. तिकडून कोणीतरी चालू व्हिडिओ दाखवत होतं. नवं मैदान हिरवंगार, गुळगुळीत. मला तर ते प्लास्टिकचंच वाटलं, आणि सुनेने विचारल्यावर कळलं की होतंही प्लास्टिकचंच. माती घालायला गोलपोस्टापुढे एक चौकोन कापून ठेवला होता.

म्हातारा कोट घालून आला. एका हातात चीजचा डबा, दुसऱ्या हातात माझा लाडवांचा. त्याच्याबरोबर आणखी एक म्हातारा, काठी टेकत, याच्याहून वाकलेला.

"हा कोण?" मी विचारलं.

"पहिला गोलकीपर," मुलगा म्हणाला. "खाणीत पाठवलेला."

आता हा त्याच्याशी काय बोलणार असं सगळ्यांच्याच मनात असावं. म्हाताऱ्याने हातातले दोन्ही डबे बघितले. मग चीजचा डबा त्या दुसऱ्याच्या हातात दिला, जुना, खरा, आणि स्वतः लाडवांचा उघडला. दोघांनी मिळून चौकोनात माती ओतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पहिल्या गोलकीपरच्या पुढे माइक धरला. तो थोडंच बोलला आणि सगळं मैदान हसायला लागलं. आमच्या म्हाताऱ्याने माइक ओढून घेतला आणि तोही काहीतरी बोलला. मग दोघं माइक धरून ओढाओढ करायला लागले.

"काय म्हणतायत?" सुनेने आणि मी एकदमच विचारलं.

मुलगा कपाळावर हात मारून भाषांतर करत होता. "तो म्हणतो, मी असतो तर तो चेंडू रेषेपर्यंत आलाच नसता. बाबा म्हणतात, तू असतास तर मैदानाला पाणी कोणी मारलं असतं?"

म्हातारा परत आला तेव्हा माझा डबा घासून, आत अक्रोड भरून आणला. मी त्याला सुनेकरवी विचारलं, बाकीचे कुठे होते, ती मॅच खेळलेले? त्याने सांगितलं, नाहीत. उद्घाटनाला बोलवायला क्लबाने सगळ्यांच्या घरी फोन केले होते, कुठे बायकांनी उचलले, कुठे नातवंडांनी. त्या संघातले आता दोघंच जिवंत आहेत आणि दोघंही गोलकीपर.